बाळाराम हिरू पाटील यांचं मत

“थांब. तो मानूस मेलाय.”

दारातून आवाज आला तेव्हा मी यादीतल्या नावाखाली रेघ मारायच्या बेतात होतो.

क्रमांक तीनशे सोळा. बाळाराम हिरू पाटील. नाव मीच मोठ्यानं वाचलं होतं. पद्धतच तशी. पहिल्या पोलिंग ऑफिसरनं नाव वाचायचं, कुणाची हरकत असेल तर पार्ट्यांच्या माणसांनी घ्यायची.

पार्ट्यांची तीन माणसं समोर बाकावर होती. तिघंही वर कौलांकडे बघत होती.

सत्तरच्या दशकातली निवडणूक. खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठचं गाव. शाळेची एक खोली.
मी मोहोपाड्याला मास्तर. वय चोवीस. पहिलीच इलेक्शन ड्युटी.

दारात चांगुणाकाकी उभी होती. बाळाराम पाटलांची बायको. चार दिवसांपूर्वी त्यांना नदीवर पोचवलं होतं.

ती सकाळी पहिल्या रांगेतच मत देऊन गेली होती.
शाई लावणारा सहकारी तिचं बोट धरायला गेला, तर तिनं हात मागे घेतला.
“सुतक हाय मला. धरू नको. काडी वरून टेकव.”

मत दिलं आणि घरी गेली नाही. शाळेच्या ओट्यावर, सगळ्यांपासून हातभर लांब बसून राहिली.

दुपारी रांग ओसरली तेव्हा मी विचारलं, काकी, कुणाची वाट बघताय?
“कुनाची नाय. आमच्या ह्यांचं मत कोन टाकून जाऊ नये म्हनून बसलेय.”

मला हसू आलं. तिला ते दिसलं.

“हसतोस काय रं मास्तर? पाच वर्सांनी एक दिस विचारतात आपल्याला. त्याचं पन उत्तर दुसऱ्यानं द्यायचं, तर आमी ह्या देसात भाडेकरू हाव काय?”

मग तिनं एक गोष्ट सांगितली.
जमीन कंपनीत गेली तेव्हा बाळाराम पाटील अर्ज घेऊन खालापूरच्या कचेरीत चालत जायचे. एकदा उन्हात चक्कर आली. एक कारकून खुर्चीतून उठला, माठातलं पाणी घेऊन आला.
अर्जाचं काही झालं नाही. पण पाटील घरी येऊन सांगत सुटले, सरकारनं पानी पाजलं.

“मी म्हनायची, सरकार कुठलं वो, मानूस होता तो. तर हे म्हनायचे, मानूस होता म्हनून सरकार.”

एकही मतदान त्यांनी चुकवलं नाही.

आणि तासाभरानं त्यांच्या नावाची चिठ्ठी घेऊन तिशीचा एक माणूस माझ्या टेबलासमोर उभा होता. शेजारच्या वाडीतला. मी चिठ्ठी घेतली, नाव वाचलं. मान वर केली नाही. आजही ते आठवलं की मान वर होत नाही.

“काकी,” तो माणूस म्हणाला, “तू घरी जा ना. सुतक हाय तुला.”

“माझा नवरा म्हनून उभा रायलास ना? मग चल घरी. दहावं सोमवारी हाय. तुझंच घालू.”

रांगेत हसू फुटलं. शाईसाठी पुढे केलेलं त्याचं बोट खाली आलं.

केंद्राध्यक्ष पलीकडच्या टेबलावरून उठून आले. केस पिकलेले, बाहेरच्या तालुक्यातले. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला.
“ग्रामसेवक म्हनला, इलेक्शन होऊन जाऊ दे, मग देतो.”

“बरं. तुमची हरकत म्हणून लिहून घेतो. त्यांचं नाव सांगा.”

रांगेतलं हसू थांबलं. बायकांच्या रांगेतलं आधी.

“त्या चिठ्ठीवर हाय की.”
“चिठ्ठी यांनी आणलीय. म्हणणं तुमचं आहे. तुमच्याच तोंडून हवं.”

तिनं पदर ओढला. भिंतीकडे तोंड केलं.
आता ती घरी निघून जाईल, असं मला वाटलं.

“बाळाराम हिरू पाटील.”

उखाणा नाही, आडपडदा नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. नवऱ्याचं नाव तिनं असं पहिल्यांदा घेतलं. ऐकायला तो नव्हता. सरकार होतं.

म्हणजे मी होतो.

केंद्राध्यक्षांनी लिहून घेतलं. त्या माणसाला बाहेर जायला सांगितलं. मग ते स्वतः कोपऱ्यातल्या माठाकडे गेले आणि तांब्या भरून आणला. कचेरीची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ती मी एकट्यानंच ऐकली होती.
तांब्याला ती शिवली नाही. ओंजळ पुढे केली. त्यांनी वरून पाणी ओतलं.

मतदान संपेपर्यंत ती ओट्यावर होती. तीनशे सोळाखाली रेघ पडली नाही.

मी पुढे कॉलेजात शिकवलं. नागरिक, राष्ट्र, लोकशाही, बरंच वाचलं, थोडं लिहिलं. त्या ओट्याच्या उंचीचं काही सापडलं नाही.

आज सकाळी चांगुणाकाकी गेली. नव्वदी ओलांडून.

तिच्या मुलाला फोन केला. म्हणाला, “सर, आयेनं दोन कामं सांगून ठेवलीत. दिवस साधे करा, आनि यादीतनं माझं नाव लगेच काढून घ्या. फॉर्म आनायला पोरगा गेलाय.”

काकी, मान खाली घालून नमस्कार.

त्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी काय झालं, ते तिनंच मला नंतर सांगितलं होतं. सकाळी ग्रामसेवक सायकल मारत तिच्या दारात आला. दाखला लिहून, शिक्का मारून आणला होता. तो हातात द्यायला पुढे झाला.
ती म्हणाली, “उंबऱ्यावर ठेव. सुतक हाय.”