गोजरबाईच्या परसातल्या चिमण्या

वडीगोद्रीच्या गोजरबाईनं उभं आयुष्य पाखरं हाकलण्यात घालवलं. लोकांच्या ज्वारीत माळ्यावर दिवसभर उभं राहायचं आणि गोफण फिरवायची. आवाज तर असा, की चार शेतं पलीकडचे थवेसुद्धा उठायचे. नवरा लवकर गेला, पण राखणीच्या मजुरीवर बाईनं एकुलत्या एका संपतला शिकवलं, पुढे दोन एकराचा तुकडाही घेतला. आता गुडघे बोलायला लागले म्हणून घरी बसली. आणि बसून करते काय, तर रोज सकाळी परसात चिमण्यांना दाणे टाकते! गावानं लई चेष्टा केली. बाई म्हणायची, जन्मभर उपाशी हाकलल्या, आता तरी घालू द्या.

फाल्गुन लागला की परसात नुसता कल्ला. शेवगा फुललेला, त्यावर इवलासा शिंजीर पक्षी लोंबकळतोय, खाली साळुंक्यांची भांडणं. पण बाईचा जीव चिमण्यांवर. असतील तीस-पस्तीस. त्यात एकीच्या पंखात पांढरं पीस होतं. दाणे पडले की सगळ्यांत आधी ती हजर, आणि बाकीच्यांना टोचून मागं सारायची. बाईनं तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं.

त्या सोमवारी बाई उजाडायच्या आधी उठली. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यात अंधुक उजेड. नेहमीचा समजून तिनं भलताच डबा उघडला, दोन मुठी दाणे परसात फेकले आणि चहा ठेवायला आत गेली. उन्हं वर आल्यावर संपत तोंड धुवायला मागं आला आणि जागीच थांबला. दाणे गुलाबी होते. पेरणीतून उरलेलं, औषध चोळलेलं बियाणं होतं ते.

“आई, हे तू टाकलंस?”

बाईनं हातातली कपबशी तिथंच ठेवली. मग मातीत फतकल मारून तिनं दाणा दाणा वेचला. टाकल्या होत्या दोन मुठी, भरली जेमतेम दीड. म्हणजे अर्धी मूठ पोटात गेली! तिनं शेवग्याचं बूड बघितलं, न्हाणीमागं बघितलं, सरपणही उपसलं. मेलेलं एकही पाखरू सापडलं नाही. पण त्या दिवशी चिमणी आली नाही ती नाहीच. दुसऱ्या दिवशीही तेच. चांगली ज्वारी टाकली, ती साळुंक्यांनी संपवली. शेजारच्या उषाबाईनं समजावलं, मुंग्यांनी नेले असतील दाणे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. बाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“जल्मभर दगडं मारले, तवा एक मेली न्हाई,” ती म्हणाली. “अन् आता घास घालून मारल्या मी.”

तिसऱ्या दिवशी संपतच्या ज्वारीची मळणी होती. घरी एकटी ठेवली तर रडत बसेल, म्हणून त्यानं तिला बळंच मोटारसायकलवर बसवून रानात नेलं आणि बाभळीखाली पोत्यांजवळ बसवलं. दुपारी मशीन बंद झालं, माणसं जेवायला बसली. तशी वरच्या फांद्यांतून भुर्रकन शेकडो चिमण्या ज्वारीच्या राशीवर उतरल्या.

बाई उठली. गुडघे दुखतात हे विसरलीच. डोळ्यांवर हात धरून राशीजवळ गेली आणि किती तरी वेळ बघत राहिली. एका कडेला भांडण जुंपलं होतं. पांढऱ्या पिसाची एक चिमणी दोघींना टोचून मागं सारत होती. बाई मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. दाण्यावर पहिली चोच मारणारीच जिवंत आहे, मग बाकीच्यांना काय धाड भरलीय!

संपतनं कपाळावर हात मारला. “आई, तूच सांगायची ना, मळण्या सुरू झाल्या की पाखरू गावात थांबत न्हाई. इसरून गेल्तीस का काय?”

खरंच विसरली होती. तीस वर्षं ज्यावर पोट भरलं, तेच अर्ध्या मुठीच्या भीतीनं डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. सुटले बाई, सुटले, एवढंच ती म्हणत राहिली.

जेवणं उरकली. एक गडी उठला आणि राशीवर मारायला त्यानं ढेकूळ उचललं. बाईनं हात वर केला.

“खाऊ दे त्यांना.”

गड्यानं संपतकडं पाहिलं. रास त्याची, वर्षाचं खाणं त्याचं. मशीनवालाही घाई करत होता. संपत म्हणाला, अजून एकेक कप चहा घ्या. आणि कोणी मशीन चालू करू नये म्हणून तो स्वतःच त्याला टेकून उभा राहिला.