रविवारच्या आत रेडिएटर

किस्से साठतात कसे? घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तेच तेच सांगून. आमच्या घरी हे काम सुमनचं होतं. मी कॉफी गाळायचो आणि तिचं काही चुकलं की मधेच दुरुस्त करायचो. ती गेल्याला आता दोन पावसाळे झाले. पाहुणे अजून येतात आणि ‘तो रेडिएटरचा सांगा’ म्हणतात. तेव्हा सांगतो. चुकलं तर दुरुस्त करायला कुणी नाही.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरची. कानडी मुलखात, जयनगरात भाड्याचं घर, दारात माझी जुनी विलायती बेबी मोटार. कारखान्यात आम्ही तिघे मराठी इंजिनिअर : कुलकर्णी ड्रॉइंगमध्ये, जोशी इन्स्पेक्शनमध्ये, मी असेंब्लीत. जोशी तिशी ओलांडून बिनलग्नाचे. रविवारी त्यांना चामराजपेटेत मुलगी बघायला जायचं होतं. मागच्या स्थळाकडे ते बसनं गेले आणि गर्दीत सदऱ्याची एक बाही गमावून पोचले. नकार आला. या वेळी मोटारीनंच जायचं ठरलं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची ड्यूटी करून घरी येतो, तर रेडिएटर गळतोय.

*

आधी त्यातलं पाणी सोडायचं. नळाला पाणी सकाळी तासभरच यायचं, त्यामुळे सुमननं ते गंजाचं लाल पाणीही फेकू दिलं नाही. परातीत धरून कढीपत्त्याला घातलं. घरमालकीण गौरम्माअक्का वरून बघत होत्या. त्यांनी कानडीत विचारलं, “एवढं चांगलं कॉफीचं डिकॉक्शन झाडाला?”

*

ड्रॉइंगशिवाय बोल्टला हात लावायचा नाही, ही कारखान्याची शिस्त आमच्या अंगात मुरलेली. कुलकर्ण्यांनी अंगणात खडूनं रेडिएटर काढला : समोरून, बाजूनं, वरून. मी पाना घेऊन वाकणार, तोच जोशींनी अडवलं, आधी ड्रॉइंग तपासू दे म्हणाले. त्यांना एक चूक सापडली. दोघांची जुंपली.

अक्का खाली आल्या. त्यांना ती रांगोळी वाटली. त्यांनी मधोमध हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

जोशी म्हणाले, “झालं. ड्रॉइंग पास!”

*

बॉनेट उतरलं, होस पाइप सुटले, बोल्ट निघाले, रेडिएटर हातात आला. आता भोक शोधायचं. तो कपड्यांच्या हौदात बुडवायचा, तोंडं दाबून धरायची आणि एका बारीक नळीतून हवा फुंकायची. बुडबुडे येतील तिथं भोक. तोंडांवर जोशी-कुलकर्ण्यांचे तळवे, फुंकायला मी. गाल फुगवून फुंकतोय, तर मागून सुमन म्हणाली, “शंखच वाजवायचा तर आंघोळ करून तरी वाजवा.”

मला हसू फुटलं. ते नळीतून आत गेलं आणि भोक सापडलं.

*

भोकाला डाख द्यायला रेडिएटर मार्केटजवळ न्यायचा होता. सुमनच्या जुन्या साडीत गुंडाळून, बसमध्ये जोशींच्या मांडीवर. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना ती पेटी वाटली. एखादं भजन होऊ दे, असा आग्रह त्यांनी धरला.

“आज नको,” जोशी गंभीरपणे म्हणाले, “स्वल्प गळतंय.”

*

रविवारी रेडिएटर परत बसवला. कुलकर्ण्यांनी मापं पाहिली, मी बोल्ट आवळले, जोशींनी एकेक बोल्ट तपासून खडूची खूण केली. दुपारी सुमनला घेऊन सगळे निघालो. मुलीच्या दारात पोचलो तेव्हा बॉनेटमधून धूर येत होता. मोटार जी बंद पडली, ती हलेचना. उघडून पाहतो तर रेडिएटर ठणठणीत कोरडा. कारखान्यात पाणी भरणारं खातं वेगळं. आमच्यापैकी कुणाच्या ते मनातच आलं नव्हतं.

मुलीचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, हे खिडकीतून बघत होते. आत उप्पीट आलं, मुलगी आली. सुमननं जोशींच्या हुशारीचं कौतुक सुरू केलं आणि बाहेरच्या मोटारीकडे नजर जाऊन मधेच थांबवलं. जोशींना घाम फुटला होता. दुसरा नकार त्यांना समोर दिसत होता.

तुला काही विचारायचंय का, असं अण्णांनी मुलीला विचारलं.

ती म्हणाली, “गाडीत पाणी कुणी घालायचं होतं?”

जोशींना खोटं बोलता येत नाही. “ते आमचं खातं नाही.”

कुलकर्ण्यांनी डोळे मिटून घेतले. मुलगी उठून आत गेली. संपलं, असं आम्ही धरून चाललो.

ती परत आली ती विहिरीवरची भरलेली कळशी घेऊन. सरळ जोशींच्या हातात दिली.

“आता आहे,” म्हणाली.