बाळीचे केस

लखमा तानसाजवळच्या पाड्यातली. नवरा आधीच गेला होता. पुढे सतरा वर्षांची मुलगी, प्रेमा, तापाचं निमित्त होऊन गेली. त्यानंतर लखमा शहापूरकडच्या प्राणी शुश्रूषा केंद्रात कामाला लागली.

त्याच सुमारास कसाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यावरून साखळीने बांधलेली म्हातारी माकडीण केंद्रातल्या लोकांनी सोडवून आणली. मागच्या पायाला जखम होती म्हणून तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. लखमाने तिचं नाव बाळी ठेवलं. तिच्यासाठी ती केळी सोलून न्यायची, पिंजऱ्याला टेकून बसायची आणि घरी कोणाशी बोलायला उरलं नव्हतं ते सगळं तिच्याशी बोलायची.

डॉक्टर वैष्णवी तिथे माकडांवरच्या ताणाचा अभ्यास करत होती. बाळी आली तेव्हा भूल देऊन तिने पाठीवरचे थोडे केस काढले होते. काही महिन्यांनी त्याच जागी उगवलेले केसही तपासायला पाठवले.

"रक्तातून फक्त त्या वेळचा ताण कळतो," तिने लखमाला समजावलं. "पण केस वाढताना ताणाचं हार्मोन त्यात साठत जातं. महिनोनमहिने कसे गेले ते कळतं."

"मंग आता कमी झाला असंल."

"नाही, लखमाताई. वाढलाय. ढाब्यावर शेजारी दुसरी माकडीण बांधलेली होती. इथे ती एकटी पडली असावी."

"मी होती ना इथं," लखमा म्हणाली.

वैष्णवीने वाकून बाळीच्या पायाकडे बघितलं.

जखम भरली होती. बाळीला इतर माकडांच्या मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. तिने माणसाची वाट बघत बसू नये म्हणून लखमाने काही दिवस तिकडे जाऊ नये असं ठरलं. लखमा लांबूनच बघायची. आधी सगळ्यांनी बाळीला हुसकावलं. मग एका दुपारी एक तरणी माकडीण तिच्या पाठीतले केस विंचरत बसलेली दिसली. बाळीने डोळे मिटून घेतले होते. लखमापुढे ती अशी कधीच बसली नव्हती.

पुढच्या तपासणीत ताण उतरला होता. वैष्णवीने धावत येऊन सांगितलं.

"बरं झालं," लखमा म्हणाली. मग हळूच विचारलं, "म्याडम, मला सैपाकाकडं काम द्याल का? फळं चिरीन. पिंजऱ्याकडं न्यायला दुसरं कोनतरी बघा."

आता ती मागच्या शेडमध्ये काकड्या चिरते. टोपल्या भरून दाराशी ठेवते. कोणाशी फारसं बोलत नाही.