पाठीला लागलेला दगड

"किती वेळ उभं राहता येतं?" साहेबांनी विचारलं.

"वीस मिनिटं," मी म्हणालो. खरं तर पंधरा.

अकरा महिन्यांच्या मेडिकल लीव्हनंतर ऑफिसातला माझा तो पहिला दिवस. मी मोजणीदार. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून द्यायच्या, हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. कमरेतली चकती सरकली, नस दाबली गेली, आणि उजवा पाय खुब्यापासून टाचेपर्यंत पेटला. ऑपरेशन झालं. नस सुटली, दुखणं काही सुटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता याच्यासोबतच राहायला शिका.

या दुखण्याची पंचाईत अशी की ते दिसत नाही. पायाला प्लॅस्टर असतं तर लोकांनी खुर्ची पुढे केली असती. मी दिसायला धडधाकट. ऑफिससमोरचा चहावाला म्हणालाच, "साहब, चेहरा तो एकदम फ्रेश है. छुट्टी रास आ गई आपको." मी चहा अर्धा टाकून उठलो.

साहेबांच्या टेबलावर माझी रेकॉर्ड रूमची ऑर्डर टाईप होऊन पडली होती. बसून काम, डोक्यावर पंखा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला ते नको होतं. मी धुऱ्यांवर फिरणारा माणूस. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. कपाटांत फायली लावत नोकरीची उरलेली वर्षं काढायची, ही कल्पनाच सहन होईना.

"साहेब, एक केस द्या. नाही जमली तर मीच रेकॉर्ड रूमची चावी मागायला येतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एकच. मेश्राम मॅडम सोबत राहतील. मोजणी अर्धवट टाकून आलात तर त्याच दिवशी सही करीन."

मेश्राम मॅडम मला दहा वर्षांनी ज्युनिअर, कामात मात्र चार पावलं पुढे.

केस दवनीवाड्याकडची निघाली. धान केव्हाच कापून झालं होतं, बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, लाखोळीचं कडधान्य हिरवंगार होतं. टेकचंद आणि हिरालाल हे चुलतभाऊ, शेताला शेत लागून. टेकचंदची तक्रार अशी, की हिरालालनं दर वर्षी नांगरानं धुरा कोरून कोरून त्याची जमीन खाल्ली.

"दोन हात आत आला जी हा!" टेकचंद म्हणाला.

"कोन आला? तूच सरकवून राहिला अन् मले म्हनते!"

मॅडमनी रोव्हर लावला. हे यंत्र काठीवर बसवतात. आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत, ते बोटभर फरकानं सांगतं. पण जुना नकाशा जमिनीवर बसवायला एखादी जुनी पक्की खूण लागते. ती इथे होती हद्दीचा दगड. नकाशात होता, जमिनीवर नव्हता. मॅडमनी अंदाजानं चार ठिकाणी सब्बल, म्हणजे पहार, मारून पाहिली. नुसती माती.

गंमत म्हणजे मी या शिवारात पूर्वी येऊन गेलो होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, माझे सीनियर बोरकर बाबू यांच्यासोबत. तेव्हा रोव्हर नव्हता, लोखंडी साखळी होती. सकाळी सायकलीवर निघायचं, साखळी ओढत दिवसभर धुरे तुडवायचे. बोरकर बाबू साखळीच्या कड्या मोजता मोजता गाणी म्हणायचे आणि आकडा चुकला की माझ्यावर डाफरायचे. दुपारी मोहाच्या झाडाखाली डबा. त्यांच्या डब्यात कायम वांग्याची भाजी. मग धुऱ्यावरच ताणून द्यायची. पाठीला ढेकळं टोचायची, तरी काय झोप लागायची! पुढे चांगल्या गादीवरही तशी लागली नाही. बोरकर बाबू आता नाहीत. मोह मात्र तिथेच होता, बुंधा दुप्पट झालेला. दगड कुठे होता ते काही केल्या आठवेना.

मी दात दाबून उभा होतो. रोव्हरची जादा काठी हातात धरली होती, आधाराला. चाळीस मिनिटं झाली. पाय पेटला, डोळ्यांत पाणी आलं.

मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, आडवे व्हा."

"लोकांसमोर?"

"मग काय पडल्यावर होता?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय भडकला की कडक जमिनीवर पाठ टेकून, गुडघे वर घेऊन पडायचं. मी जुन्या सवयीनं मोहाखाली गेलो आणि धुऱ्यावर आडवा झालो. खाली मान घालायचीही सोय नव्हती, तोंड आभाळाकडे.

"सायेब मोजाले आले का झोपाले आले जी?" टेकचंदनं विचारलं.

"रातभर जागले असतीन," हिरालाल म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा दोघं भाऊ एकत्र हसले.

मी डोळे मिटून घेतले. लाज वाटत होती. रेकॉर्ड रूमची चावी डोळ्यांपुढे दिसत होती. आणि तेवढ्यात डाव्या खांद्याखाली काहीतरी टोचलं. थोडा सरकलो, तर तीच धार पुढेही होती. मूळ असतं तर गोल लागलं असतं. याला कोपरा होता.

आणि मला वांग्याची भाजी आठवली. बोरकर बाबू डबा जमिनीवर ठेवत नसत, मुंग्या लागतात म्हणून. ते तो दगडावर ठेवत. इथे, मोहाखाली.

"मॅडम, सब्बल आणा!"

"कुठे मारायची?"

"माझ्याखाली."

मॅडमनी मला हात देऊन उठवलं. त्या कोपऱ्याभोवतीची, धुऱ्यावर वर्षानुवर्षं चढवलेली माती चार बोटं खरवडली आणि दगड उघडा झाला. डोक्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. मी खाली बसून तिच्यावरून हात फिरवला. मला खरंच रडू आलं, आणि ते पायाचं नव्हतं.

त्या दगडावरून नकाशा बसवून पुढची मोजणी मॅडमनी तासाभरात उरकली. निकाल असा, की हिरालालनं काही खाल्लं नव्हतं. टेकचंदच दोन फूट त्याच्या शेतात होता.

"आता काऊन गप गा?" हिरालाल म्हणाला.

टेकचंद त्याच्याकडे न बघता माझ्याकडे आला. "लय दुखते का जी?"

"लय."

"माही माय बी धान रोवण्याच्या दिवसात अशीच धुऱ्यावर आडवी पडे. आमी तिले आळशी म्हनो." एवढं बोलून त्यानं पंचनाम्यावर सही केली.

पंचनाम्यात जुनी खूण कशी आढळली तेही लिहावं लागतं. मी लिहिलं होतं, 'मोजणीदार कंबरदुखीमुळे धुऱ्यावर आडवे झाले असता पाठीस दगड लागला.' दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"हे असंच ठेवायचं?"

"झालंच तसं, साहेब."

त्यांनी खोडलं नाही. रेकॉर्ड रूमची ऑर्डर फाडली. आता फील्डवर मॅडम चालतात, मी नकाशा बसवतो, आणि गरज पडली की कोणालाही न विचारता आडवा होतो. त्या दिवशी मी आणखी अर्धा तास दात दाबून उभा राहिलो असतो, तर दगडही गेला असता आणि फील्डही.

अकरा महिने डॉक्टरांची सर्टिफिकेटं देऊनही माझं दुखणं कोणाला धड पटलं नव्हतं. आता ते सरकारी कागदावर आहे, हद्दीच्या दगडासकट, आणि खाली टेकचंदची सही आहे.