सीझनची पहिली रेस मोजायची नाही

रेसमधलं टायमिंग चार दिवसांत विसरायला होतं. किस्से मात्र जात नाहीत. ते घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे साठत जातात. एक ओढायला जावं तर दहा बाहेर पडतात. आणि आमच्या ग्रुपचे बहुतेक किस्से ऑक्टोबरातले. कारण सरळ आहे. पावसाळाभर रस्त्यांची चाळण झालेली, मग गणपती, मग नवरात्र, सरावाचा पार बट्ट्याबोळ, आणि अशात सीझनची पहिली ट्रायथलॉन! आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल मारायची, मग सायकल ठेवून धावायचं. सराव केलेला असला तरी माणूस रडतो. नसला तर काय होतं, तेच सांगत बसलेय.

ग्रुप कसला, आम्ही तिघं. मी वाशीला एका विमा कंपनीत क्लेम बघते. वैभव म्हात्रे करावे गावातला, गावात स्वतःच्या तीन चाळी आणि मांडीखाली गाडीच्या किमतीची सायकल. आणि तिसरे गायकवाड सर. सरांनी आम्हाला शिकवलेलं काहीच नाही. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क, निवृत्तीला टेकलेले, पण त्यांच्याकडे बघितलं की तोंडातून 'सर' असंच निघतं.

*

पहिला मान वैभवला.

पनवेलच्या पुढे एका धरणावर रेस होती. वैभवने गणपतीत घरचे मोदक खाल्ले होते, मग सासुरवाडीचे, मग भाडेकरूंकडचे. रेसच्या सकाळी त्याच्या अंगाला चिकटणाऱ्या सूटची चेन छातीपर्यंत येईना. मी एका बाजूने ओढतेय, एक व्हॉलंटियर दुसऱ्या बाजूने.

"अरे, श्वास सोड!" मी ओरडले.

"सोडलाय, चारू! आता जीवच सोडायचा बाकी हाय!"

चेन लागली कशीबशी. ती धरणाच्या मध्यावर तुटली. सूटमध्ये पाणी शिरलं आणि वैभव टम्म फुगून बाहेर आला. सायकलवर बसला तेव्हा त्याच्या बाह्यांमधून नळासारखी धार लागली होती. शेवटी फिनिशला पोचला तेव्हा त्याच्या मागे फक्त एक कुत्रा होता.

गळ्यात मेडल पडताक्षणी त्याने जाहीर केलं, "ही मोजायची नाही! सीझनची पहिली हाय. पहिली फक्त बॉडीला आठवण करून द्यायला असते!"

झालं, तो आमचा नियम बनला. पहिल्या रेसचं टायमिंग कुणी विचारायचं नाही, फोटो स्टेटसला टाकायचा नाही, घरच्यांना बोलवायचं नाही. मेडल वैभवच्या गाडीच्या डिकीत फेकायचं. मोजायची ती फेब्रुवारीतली, मोठी.

*

वैभवच्या आईला हे सगळंच मान्य नाही. म्हातारीने जन्म खाडीत काढला. भल्या पहाटे चिखलात उतरून हाताने मासळी धरलेली बाई. मुलगा धरणात पोहून आला की ती ओट्यावरून विचारते,

"पान्यान जातंस नं रिकाम्या हातान येतंस? निदान वाटाभर कोलंबी तरी आनाची!"

वैभवने एकदा तिला मेडल दाखवलं. तिने ते दाताने चावून बघितलं आणि परत दिलं. "पतरा हाय," म्हणाली.

*

मी सुटले असं समजू नका. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ऊन असं होतं की सायकलवरून उतरले तेव्हा डोकं चालेनासं झालं होतं. सायकल स्टँडला लावली, बूट बदलले आणि सुटले धावत. रस्त्यात लोक माझ्याकडे बघून हसत होते. मला वाटलं, बायका धावलेल्या बघितल्या नसतील यांनी. मनातल्या मनात समाजालाही चार शिव्या घातल्या.

एका वाडीजवळ एक आजी पाण्याची कळशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला थांबवलं, ओंजळीत पाणी घातलं आणि फार मायेने विचारलं, "गाडी कुठं पडली गं बाई तुझी?"

मी डोक्याला हात लावला. हेल्मेट! अर्ध्याहून जास्त अंतर मी हेल्मेट घालून धावले होते.

फिनिशला वैभव गडाबडा लोळला. मी म्हटलं, "हसू नकोस. ही मोजायची नाही!" नियम किती सोयीचा आहे ते मला त्या दिवशी पटलं. लाज वाटण्यासारखं काहीही झालं की ते त्या नियमाखाली ढकलून द्यायचं.

*

सर आम्हाला भेटले ते पामबीच रोडच्या सिग्नलला. पहाटेची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही दोघं लाल सिग्नल तोडून सुसाट निघालो. मागे वळून बघितलं तर एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ साध्या सायकलवर, एक पाय जमिनीला टेकवून, सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत उभे! हात आडवा करून वळण्याची खूणसुद्धा केली त्यांनी. कुणाला केली ते देव जाणे.

पुढे ओळख झाल्यावर वैभवने विचारलं, "सर, रिकाम्या रस्त्यात काय थांबायचं?"

"म्हात्रे, आपण नियम पाळला की कुणाला बोलायला जागा राहत नाही," सर म्हणाले.

मी ते तेव्हा कचेरीतलं बोलणं समजले. मग एकदा पालिकेच्या स्विमिंग पूलवर त्यांचं पोहणं बघत होते. वय झाल्यावर शिकलेलं पोहणं कळतं. माणूस पाण्याशी जरा जास्तच अदबीने वागतो. मी विचारलं, "सर, लहानपणी गावात विहीर नव्हती का?"

"होती ना. मोठी होती. पण मराठवाड्यातलं गाव, मॅडम. आमच्या वस्तीतल्या पोरांना तीत कोण उतरू देणार?" त्यांनी चष्मा पुसला. "काठावरून बघायचो. तेव्हापासून डोक्यात आहे. नोकरी झाली, पोरं शिकली. आता एकदा पोहून, सायकल चालवून, धावून, तिन्ही पुरं करायचं. एकदाच. बास."

सरांना हवं होतं ते एवढंच.

*

आमचा नियम त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, "लेखी आहे?"

"नाही हो सर!"

"म्हणजे प्रथा. ठीक. सगळे पाळतात?"

"सगळे म्हणजे आम्ही दोघंच. हो, पाळतो."

"मग मीही पाळेन," सर म्हणाले. आम्ही टाळी दिली एकमेकांना. आता वाटतं, तिथेच त्यांना सांगायला हवं होतं की सर, ही चेष्टा आहे, हिच्यावर सही करू नका.

*

ट्रायथलॉनमध्ये ठरलेल्या वेळेत सायकल संपली नाही तर मागून टेम्पो येतो आणि माणसाला सायकलसकट उचलतो. सरांना या टेम्पोने दोन फेब्रुवारींत उचललं. एकदा तर त्यांची अजिबात चूक नव्हती. रस्त्यात म्हशींचा कळप आडवा आला. बाकीचे लोक म्हशींमधून वाट काढून गेले. सर थांबले. "वाहतुकीत जनावरांना आधी जाऊ द्यावं," म्हणाले. शेवटची म्हैस गाभण होती, ती सावकाश गेली.

टेम्पोवाल्याने नंतर आम्हाला सांगितलं, "सगळे शिव्या देत चढतात, मॅडम. हे साहेब चढले, नमस्कार केला आणि विचारलं, सीटबेल्ट कुठाय?"

आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले. पण गाडीत परत येताना ते खिडकीतून बाहेरच बघत होते. त्यांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला तेव्हा एवढंच म्हणाले, "नाही गं. थोडक्यात राहिलं." मला फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी.

*

मग मागचा ऑक्टोबर.

सीझनची पहिलीच, ऊन नेहमीसारखंच पेटलेलं. वैभवच्या पायात गोळे आले, मी पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी मुक्काम ठोकत कशीबशी आले. टेम्पो परत आला, त्यात सर नव्हते. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मंडपवाला कमानीच्या दोऱ्या सोडायला चढत होता, त्याला वैभवने दम भरला, "ए, खाली उतर! आमचा माणूस येतोय अजून!"

माइकवाला पोहे खायला गेला होता. बॅन्ड वाजवणारी पोरं बसमध्ये बसली होती. आणि वळणावरून सर आले. डाव्या बाजूने, फूटपाथ धरून, शिस्तीत. तोंड उघडं, गॉगल कपाळावर, पाय जेमतेम उचलत होते. कमानीखालून गेले, घड्याळाकडे बघितलं. वेळ संपायला अजून थोडा अवकाश होता. सर वेळेत आले होते!

व्हॉलंटियर मुलीने मेडल घातलं. सरांनी ते दोन्ही हातांत धरलं, उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "झालं, मॅडम. तिन्ही झालं."

आणि वैभवने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "सर, जबरदस्त! पण ही मोजायची नाही हां! खरी फेब्रुवारीत!"

आम्ही तिघं हसलो. मीसुद्धा हसले, वर म्हटलं, "फेब्रुवारीत काकूंना आणायचं, सर. कमानीखाली उभं करू त्यांना, हार घेऊन!"

सरांनी मान हलवली. "बरोबर आहे. नियम आहे." मेडल गळ्यातून काढलं, पट्टी नीट गुंडाळली आणि डिकीत आमच्या मेडलांशेजारी ठेवलं. आम्ही फेकतो. त्यांनी ठेवलं.

त्या सकाळी एक फोटोसुद्धा काढला नाही आम्ही. पुढे काय वाढून ठेवलंय ते कळलं असतं तर मी त्या माइकवाल्याला पोह्यांसकट ओढून आणलं असतं.

*

डिसेंबरात सरांना बिल्डिंगचे जिने चढताना धाप लागायला लागली. दाखवलं, तपासण्या झाल्या, हृदयात स्टेंट बसवावी लागली. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, मजेत राहा, रेस बंद. पोहणं, सायकल, धावणं एकापाठोपाठ तर विसराच.

सरांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला म्हणे, "फेब्रुवारीपुरती सूट नाही मिळणार?"

नाही मिळाली. फेब्रुवारीची मोठी रेस आम्ही दोघांनीच केली. माझं आजवरचं सर्वांत चांगलं टायमिंग आलं. घरी कुणाला सांगावंसंही वाटलं नाही.

*

त्यानंतरच्या रविवारी आम्ही नेरूळला सरांच्या घरी गेलो. काकूंनी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, मराठवाड्यातला, भरपूर शेंगदाणे घातलेला. सर पांढऱ्या बनियनवर बसले होते, जरा वाळलेले, पण दाढी गुळगुळीत. रेसची चौकशी केली. धरणाला पाणी किती होतं, म्हशी आल्या होत्या का, टेम्पोवाला तोच होता का. आम्हीही रंगवून सांगत होतो.

काकू दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. बशीत वाढता वाढता त्या वैभवला म्हणाल्या, "यांनी कित्ती वर्सं याचं येड घेतलं होतं बगा. पहाटं उठून जायाचे. येक तरी पुरी झाली आसती, तर जिवाला बरं वाटलं आसतं त्यांच्या. झाली आसती का वो?"

वैभवचा चमचा हवेतच राहिला. "काकू! झाली की! ऑक्टोबरात झाली! आम्ही दोघं उभे होतो तिथं!"

काकूंनी सरांकडे बघितलं. "व्हय?"

सरांनी बशी खाली ठेवली. "ती सीझनची पहिली होती," ते म्हणाले. "पहिली मोजत नाहीत."

"ओ सर, तो काय नियम हाय का!" वैभव ओरडलाच. "माझं पोट सुटलं होतं म्हणून बोललो होतो मी ते!"

"पण पाळला ना तुम्ही सगळ्यांनी?" सर शांतपणे म्हणाले. "मग माझ्यापुरता कसा बदलायचा, म्हात्रे?"

काकूंनी सगळं समजल्यासारखी मान डोलावली. सरांच्या बशीत आणखी थोडा सुशीला वाढला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नियम आसंल तर मग काय करता," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. तुमी परयत्न तर केला ना."