दोन गडू

माझ्या वडिलांनी काशीहून गंगाजल आणलं होतं. तांब्याचा मुठीएवढा गडू, तोंडावर कथील ओतून पक्का बंद केलेला. ते पाणी रामेश्वरला नेऊन महादेवावर घालायचं आणि तिथली वाळू गंगेला न्यायची, तेव्हा कुठे यात्रा पुरी होते. वडील अर्ध्यावरच गेले. गडू आमच्या हिंगणीजवळच्या घरी देव्हाऱ्यात सात वर्षं बसून राहिला. माय रोज त्याला कुंकू लावायची आणि रोज म्हणायची, "न्यायचं राह्यलं आहे." शेवटी एकोणीसशे पन्नासच्या दशकात एका वर्षी कापूस बरा झाला आणि मी तिला घेऊन निघालो.

माझा स्वभाव संशयी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड कशानेच पोळलं नव्हतं, तरी मी फुंकत होतो. तीर्थाच्या गावी काय काय चालतं ते पारावर बसून ऐकलेलं. म्हणे खरं गंगाजल आत ठेवून घेतात आणि देवावर आडाचं पाणी घालतात. सांगणारा स्वतः कधी वर्ध्याच्या पुढे गेला नव्हता, पण त्याच्यावर मात्र मी विश्वास ठेवला.

म्हणून मी वर्ध्याच्या बाजारातून तसाच एक गडू घेतला, आमच्या विहिरीचं पाणी भरलं आणि कासाराकडून तोंड बंद करून आणलं. चुलीच्या धुरावर धरून काळवंडवला, कुंकू फासलं. बेत साधा होता. आधी खोटा गडू द्यायचा आणि पुजारी काय करतो ते बघायचं. त्याने डोळ्यांदेखत देवावर घातला तर मग खरा काढायचा. मायला काही सांगितलं नाही. तिच्या पोटात गोष्ट राहत नसे, आणि सगळं पार पडल्यावर सांगू, तीही हसेल, असं मला वाटलं.

मद्रासला गाडी बदलून, समुद्रावरचा तो लांब पूल ओलांडून आम्ही पोचलो. सगळा प्रवासभर लाल फडक्यात बांधलेला गडू मायच्या मांडीवर. स्टेशनवरच एक पुजारी पुढे आला आणि चक्क मराठीत म्हणाला, "कोणते गाव तुमचे?" त्याचं मराठी जुनाट होतं, हेल वेगळाच, पण मराठीच. त्याचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी आपल्याकडून तिकडे गेलेले. इतक्या लांब आपली भाषा ऐकून माय रडायचीच बाकी राहिली. मी मात्र सावध झालो. ठगाला पहिल्यांदा काय येत असेल तर गिऱ्हाइकाची भाषा.

दोन दिवस त्याने आम्हाला हिंडवलं. टेकडीवरच्या देवळात रामाची पावलं दाखवली. मी छिन्नीच्या खुणा शोधल्या. एका कुंडात तरंगणारा दगड होता. मी तो बोटाने दाबला, तर पुन्हा वर. खालून काही बांधलंय का म्हणून हात घालून चाचपलं, काही नव्हतं. माय म्हणाली, "देवाले असं चाचपतेत का रे?" मी म्हटलं, "देवाले नाई, दगडाले."

तिसऱ्या दिवशी मुख्य देऊळ. आत बावीस विहिरी आहेत, एकेकीचं पाणी पोहऱ्याने डोक्यावर घेत पुढे जायचं. पहिल्या विहिरीशी मायने तो गडू प्रथमच दुसऱ्याच्या, म्हणजे माझ्या हातात दिला. "जपून ठेवजो," एवढंच म्हणाली. ती भिजत भिजत पुढे गेली आणि मी खांबाआड गडू बदलला.

ओलं लुगडं बदलून, कोरडं नेसून ती आली. गाभाऱ्यापुढच्या दांडीशी आम्ही उभे राहिलो. पुजाऱ्याने फडकं सोडलं, गडू उजेडात धरला, तोंडावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. तांबं मी काळवंडवलं होतं, पण कथील नव्या रुपयासारखं चमकत होतं.

तो हळूच म्हणाला, "दुसरा गडू कुठे आहे?"

"एकच आहे महाराज," माय म्हणाली. "सात वर्षं देव्हाऱ्यात होता."

"हा सात वर्षांचा नव्हे, माई."

माय माझ्याकडे वळली. मी पिशवीतून खरा गडू काढला आणि काय केलं ते तिथेच, मान खाली घालून सांगितलं. पुजाऱ्याने दोन्ही गडू शेजारी शेजारी ठेवले. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मायने दोन्ही गडूंकडे पाहिलं. मग म्हणाली, "महाराजावर तुहा भरोसा नव्हता, ते समजलं मले. माह्यावर काऊन नव्हता?"

तिने मग पुजाऱ्यालाच विचारलं, "हा तरी खरा आहे न, महाराज?" मी शेजारी उभा होतो. तिने मला विचारलं नाही. पुजारी म्हणाला, "हो माई, हाच तो. कथील बघा किती जुने आहे."

त्याने आमच्यादेखत तोंड फोडलं आणि आत नेऊन पाणी महादेवावर घातलं. साध्या सटवाईपुढेही डोळे मिटून उभी राहणारी माझी माय त्या वेळी डोळे ताणून धारेकडे बघत राहिली. धार संपेपर्यंत तिने पापणी लववली नाही. मला लाज वाटली, फार वाटली.

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीच्या किनाऱ्यावर तिने गंगेला न्यायची वाळू स्वतःच्या हाताने भरली आणि पदराच्या टोकात गाठ मारून बांधली. परतीच्या गाडीत गर्दी होती, ती अवघडून बसली होती. मी म्हटलं, "माय, दे ती वाळू, मी धरतो. तू जरा आडवी हो."

"राहू दे," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी नेहमीच्या आवाजात. "माह्याजवळच बरी आहे."

वर्ध्याच्या फलाटावर उतरेपर्यंत ती गाठ तिच्या मुठीत होती.