काशीत सोडलेला लंगडा

आमच्या घरी सकाळची पूजा आटोपली की मामंजींचा पहिला प्रश्न डॉलरचा. "सूनबाई, डॉलर कसा आहे आज?" डॉलर म्हणजे जणू गावाकडचा कुणी अंथरुणाला खिळलेला चुलता. मी सांगते, चढलाय किंवा उतरलाय, आणि ते "बरं, बरं" म्हणत चहा उचलतात. माझे सासरे ब्रह्मा घाटावरचे जुने उपाध्ये. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करण्यात त्यांची हयात गेली. डॉलरशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांची सून आंबे आणि भाजी परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कामाला आहे.

गंगेपलीकडे, रामनगरच्या बाजूला आमचं पॅकहाउस आहे. आंब्याच्या दिवसांत बागांतून लंगडा येतो. तो निवडायचा, गरम पाण्यातून काढायचा, पुसायचा, खोक्यात भरायचा आणि बाबतपूरच्या विमानतळावर पोचवायचा. त्याच रात्री तो दुबईत. माल निवडून घेणं आणि कागदपत्रं करणं हे माझं काम. पहिल्या वर्षी तिकडचा व्यापारी फोनवर नुसता ओरडत होता, "मॅडम, कच्चा माल भेजा है!" कारण लंगडा पिकला तरी सालीने हिरवाच राहतो. मी म्हटलं, "भाईसाहब, पहले काटकर तो देखिए." अर्ध्या तासाने त्याचा परत फोन आला. आवाज अगदी मऊ, तोंडात आंबा असावा.

या धंद्यात एक गोष्ट कळली. आपल्या झाडाचा भाव आपल्या अंगणात ठरत नाही. दुबईच्या बाजारात पाकिस्तानचा आंबा उतरला की इकडे आमच्या बागवाल्यांचे चेहरे उतरतात. कुठेतरी लढाई पेटते, विमानं वळसा घालून जायला लागतात, भाडं वाढतं आणि इथे फांदीवर लटकणारा आंबा स्वस्त होतो. त्या झाडाने बिचाऱ्याने कुणाचं काय घोडं मारलेलं असतं? मामंजींना हे सगळं ऐकायला फार आवडतं. म्हणतात, "आमच्या आजोबांनी समुद्र ओलांडणाऱ्याला पंगतीत बसवलं नसतं, आणि आता आंबाच रोज ओलांडतो!"

आणि लंगडा म्हणजे मामंजींचा जीव की प्राण. दुपारी जेवणावर एक, संध्याकाळी एक. खायच्या आधी प्रत्येकाचा देठ नाकाशी नेऊन डोळे मिटणार, हसणार, मग कापायला देणार. सासूबाई होत्या तेव्हा त्या धान्याच्या कोठीत आंबे लपवायच्या आणि मामंजी वासावर शोधून काढायचे. आता मी लपवत नाही. म्हटलं, ऐंशी उलटलेल्या माणसाला काय अडवायचं?

पण हा लंगडा माझ्या आईचा आणि मामंजींचा जुना तंटा होता.

माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या ज्येष्ठात आई-बाबा काशीला आले. आईने पहिल्यांदा लंगडा खाल्ला तो आमच्या या माजघरात. अगं बाई, काय ती खाण्याची तऱ्हा! कोपरापर्यंत रस, लेकीच्या सासरी बसलोय याचं भानच नाही. सासूबाई आग्रह करत होत्या आणि आई "नको, नको" म्हणत पुढचा आंबा उचलत होती. मी लाजेने अर्धी झाले होते.

दुसऱ्या दिवशी घाटावर विधी झाला. काशीला आलेल्या माणसाने आपल्या आवडीची एखादी खायची वस्तू जन्मभरासाठी सोडायची, अशी रीत आहे. हातावर पाणी घेऊन सांगायचं, अमुक सोडलं. लोक काय एकेक सोडतात! मामंजींनी मला कितीदा तरी सांगितलंय, ज्याचे दात पडलेत तो ऊस सोडतो. बाबांनी सोडलं कारलं. मामंजी म्हणाले, "कारलं? कारल्यानं तुम्हाला आधीच सोडलेलं दिसतंय." सगळे हसले. बाबांचे कान लाल झाले. आई पटकन पुढे झाली, हातावर पाणी घेतलं आणि म्हणाली, "मी लंगडा सोडला."

मला अजून तिचा चेहरा आठवतो. आदल्या दिवशीच तर गवसला होता तिला तो आंबा. माहेरची मान खाली जाऊ नये म्हणून तिने तो देऊन टाकला. पण मामंजींना ते दिसलं नाही. त्यांना वाटलं, बाई हुशार. साताऱ्याकडे लंगडा मिळतच नाही, मग सोडायला काय जातंय? तेव्हापासून दर आंब्याच्या दिवसांत चेष्टा ठरलेली. "तू व्यापारात कशी शिरलीस ते आता कळलं, सूनबाई. तुझ्या आईचा गुण. पदरचं काही न देता पुण्य घेऊन गेली!" मी एकदा चिडून विचारलं, "आणि तुम्ही काय सोडलंत हो, मामंजी?" तर म्हणाले, "आम्ही इथलेच. सोडायचं ते आलेल्यानं." वर हे! ही चेष्टा आईच्या कानावर गेली होती. ती हसायची, पण तिला लागायचं. माझ्या आईला मी ओळखते.

बाबा गेल्यावर आई माझ्या भावाकडे राहायला गेली. भाऊ दुबईत. तोवर आमचा लंगडाही तिकडे जायला लागला होता. जो आंबा साताऱ्याच्या मंडईत कधी आला नाही, तो तिच्या घराखालच्या दुकानात येऊन बसला. मला तेव्हा हे सुचलंच नाही. मी आपली खोकी मोजून पाठवत होते.

यंदा आई आजारी पडली. ताप आला, हटेना, इस्पितळात ठेवावं लागलं. घरी आली ती हाडांची मोळी होऊन. औषधांनी तोंडाची चवच गेली. पेज नको, वरण नको, भात पाहिला की तोंड फिरवते. भावाचा रोज फोन, आवाज रोज आणखी बारीक. मग एका संध्याकाळी म्हणाला, "ताई, आज गंमत झाली. दुकानातून तुमचा लंगडा आणला. आईने मागून घेतला, वास घेतला. म्हणाली, हा तुझ्या ताईच्या घराचा वास. मी कापायला सुरी आणली तर म्हणाली, नको, सोडलाय. तो आंबा उशाशी ठेवलाय गं तिने. वास घेते आणि परत ठेवते. डॉक्टर म्हणतात, जे खावंसं वाटेल ते द्या, नाहीतर पुन्हा सलाइन लावावी लागेल. आणि तिला फक्त हेच खावंसं वाटतंय!"

मी म्हटलं, तिला फोन दे.

"आई, हट्ट सोड. आजारी माणसाला सगळं माफ असतं."

"तुझ्या सासऱ्यांना वाटतं मी फुकटात सोडला," आई म्हणाली. आवाज कसला, नुसता श्वास. "आता दारात आलाय तर खाऊ? मग ते खरेच ठरले की. त्यांना काय तोंड दाखवू?"

मला रडू आलं आणि रागही आला. कुणावर, तेही कळेना. जगभर आंबा पोचवायची अक्कल आहे माझ्याकडे. दुबईच्या दुकानाच्या फळीपर्यंत पोचवते. आणि तिथून माझ्या आईच्या तोंडापर्यंत पोचवता येईना!

दिवेलागणीला मामंजी शुभंकरोती म्हणून उठले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. जरा जोरातच सांगितलं. "तुमच्या चेष्टेपायी माझी आई उपाशी आहे," इतकं बोलून गेले. नवरा मध्ये पडायला लागला तर त्यालाही गप्प केलं. मामंजी तसेच जेवायला बसले, आंब्याची फोड हातात घेतली, खाल्ली, आणि मग उगाच बराच वेळ कोय चोखत बसले. मला तर आणखीच संताप आला. म्हटलं, बघा, याला म्हणतात माणूस! माझी आई तिकडे वासावर जगतेय आणि हे इथे कोय सोडत नाहीत.

सकाळी उठून पाहते तर मामंजी घरात नाहीत. काठी नाही, पंचा नाही. माझं धाबं दणाणलं. गेल्या हिवाळ्यात पडल्यापासून ते घरीच अंघोळ करतात. ज्येष्ठात गंगा खाली जाते, पायऱ्या किती उघड्या पडतात, आणि त्या शेवाळलेल्या! मी दारातून खाली धावणार तोच हे गल्लीतून येताना दिसले. धोतर ओलं, थरथरत होते, एका हाताने भिंत धरलेली.

"अहो, काय करावं तुम्हाला? पडला असता म्हणजे?" मी चांगलीच कडाडले.

"पडलो नाही ना? मग ओरडतेस कशाला. फोन लाव तुझ्या आईला."

डॉलर विचारला नाही. ओलं धोतरही बदललं नाही. मी फोन लावून हातात दिला.

"विहीणबाई, मी बोलतोय. नीट ऐका. ज्याच्यासमोर वस्तू सोडली, त्याला ती परत देता येते. शास्त्रात सोय आहे. तुमचा लंगडा मी तुम्हाला परत दिला. आता खा."

आई तिकडून काहीतरी म्हणाली.

"अहो, असं असतं म्हणजे? काशीच्या उपाध्याला शास्त्र शिकवताय?"

परत आई काहीतरी म्हणाली. मामंजी हसले. "बदल्यात दुसरं काही सोडू नका. तुमच्या यजमानांचं कारलं आहे ना इथे जमा, तेवढं पुष्कळ झालं." मग माझ्याकडे पाठ केली आणि हळूच म्हणाले, "आणि विहीणबाई, तुम्ही फुकटात नव्हता सोडला. मला माहीत होतं. माझी आपली जीभ वाकडी."

इतक्या वर्षांत मामंजींनी चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसले.

दुपारी पॅकहाउसमध्ये भावाने फोनवर चित्रफीत पाठवली. आई उशीला टेकून बसलेली. आधी एक फोड, भीत भीत. मग दुसरी. मग भावाच्या हातातून कोयच ओढून घेतली आणि मनगटावरून रस ओघळला, तशीच, त्या माजघरातल्यासारखी. मी खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन पोटभर रडले. माल निवडणाऱ्या बायका विचारायला लागल्या, "क्या हुआ दीदी, माल रिजेक्ट हो गया?" मी म्हटलं, नाही गं, माल पोचला.

त्या आनंदात मी घरी लंगड्याची पेटीच आणली. सालीला चिकाचे डाग पडलेले आंबे परदेशी जात नाहीत, पण गोडीला तेच. एकेक निवडून कापला आणि मामंजींच्या ताटात सगळ्यांत चांगल्या फोडी वाढल्या. म्हटलं, काल मनातल्या मनात बोलले त्याची भरपाई.

मामंजींनी ताट जरासं पुढे सरकवलं. "मला नको."

"का? पोट बिघडलं? सकाळी गार पाण्यात बसलात, दुसरं काय होणार!"

"पोट चांगलं आहे."

"मग घ्या की. आजचा बघा तरी, काय घमघमाट सुटलाय."

"सूनबाई," ते म्हणाले, "गंगेकडून काही परत मागायचं तर रिकाम्या हाताने मागता येतं का? शास्त्रात सोय-बिय काही नाही. ती मीच काढली. तिचा सोडवला आणि त्या जागी माझा ठेवला. लंगडाच. तोच एक होता माझ्याजवळ द्यायला."

माझा हात तसाच राहिला. सकाळचं ओलं धोतर, ती धरलेली भिंत, आदल्या रात्री चोखत बसलेली ती कोय, सगळं एकदम कळलं. त्यांची ती शेवटची होती. आणि मी त्यांना काय काय म्हटलं होतं मनात! मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

"आईला सांगायचं नाही. सांगितलंस तर ती परत थुंकून टाकेल. तुझी आई आहे ती, मी ओळखतो."

तेवढ्यात फोन वाजला. आईच होती, आणि आवाजात धार आली होती. मला म्हणाली, दे तुझ्या मामंजींना. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून त्यांच्यासमोर धरला.

"व्याहीबुवा, चार फोडी खाल्ल्या हो आज! दुपारी भातही खाल्ला. पण इथला विमानातून आलेला. तुमच्या ताटात तर झाडावरचा ताजा. कसा आहे यंदा?"

मामंजींनी ताटातल्या फोडींकडे पाहिलं. मग डोळे मिटले, देठ हुंगताना मिटायचे तसेच.

"गोड आहे, विहीणबाई," ते म्हणाले. "यंदा फारच गोड आहे."

फोन बंद झाला. त्यांनी त्या फोडी उचलून माझ्या ताटात ठेवल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रडतेस काय अशी? डॉलर पडला की काय?"